दवाखाना-दवाखाना

चाकणजवळच्या आमच्या गावानं श्रमदानानं बांधलेला दवाखाना यंदा बंद पडला. आता त्याच्या पायऱ्यांवर मुलं 'दवाखाना-दवाखाना' खेळतात. पूर्वी या खेळात डॉक्टर असायचा, पेशंट बरा व्हायचा. आता पेशंटला रिक्षात घालून पिंपरीला न्यायचं असतं.

"पोचल्यावर काय करता रे?" मी विचारलं.

"पोचायचं नसतंच, गुरुजी," उत्कर्षा म्हणाली. "मोशीच्या ट्रॅफिकमध्ये पेशंट मरतो. मग दुसऱ्यावर राज्य."

"न्हाईतर बाकीच्यांची पाळी कधी यायची?" पेशंट झालेला रणजीत झोपल्या-झोपल्याच म्हणाला.

आज रिक्षा तनुजा चालवत होती. दिवाळीत तिच्या वडलांच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा ते याच वाटेवर, रिक्षातच गेले. खेळात मोशीचा चौक आला. रणजीतनं मान टाकायच्या आत ती ओरडली, "टाइमप्लीज!"

"ए, रिक्षावाल्याला टाइमप्लीज नसते!" सगळ्यांनी कालवा केला.



अंधार पडला, पेशंटसकट सगळी मुलं जेवायला घरी गेली. तनुजानं मात्र अजून टाइमप्लीज सोडली नव्हती.