आयातबंदी

सासरे कस्टम्समधून निवृत्त झाले, पण हाताची सवय गेली नाही. शेजारच्या देशाशी संबंध बिघडल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि त्यांनी आमच्या घरात आयातबंदी जाहीर केली. मग भिंग घेऊन घरातली एकेक वस्तू उलटी करून ते बुडावरचा शिक्का वाचायला लागले. ह्यांचा रेझर माळ्यावर गेला, लेकीची बोलकी बाहुली गेली. कुणी कुरकुरलं की ठरलेलं उत्तर, "देशासाठी जरा गैरसोय सोसायला शिका."

गेल्या आठवड्यात माझ्या इस्त्रीची पाळी आली, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, तुमच्या कानातलं ऐकायचं यंत्र कुठून आलंय, तेही बघा की एकदा."

बाबांनी यंत्र काढून भिंगाखाली धरलं. त्याच देशाचं नाव निघालं. आता बंदी उठणार म्हणून मी इस्त्रीकडे हात नेला, तर त्यांनी यंत्र शांतपणे सासूबाईंच्या हातात ठेवलं. "कायदा सगळ्यांना सारखा. टाका माळ्यावर."

तेव्हापासून आयातबंदीवर घरात रोज चर्चा होते, आणि रोज बाबाच जिंकतात.