भैरूचा हात

चाकणच्या कारखान्यात माल लवकर निघावा म्हणून, हात आत गेला की प्रेस मशिन थांबवणारा सेन्सर बंद ठेवला होता. भैरूचा उजवा हात मनगटापासून गेला. कामगारमंत्री सुजितराव म्हणाले, कामगारच डुलक्या काढत असणार.

विरोधी पक्षाने तेव्हा नुकतंच छाया मंत्रिमंडळ नेमलं होतं, म्हणजे सरकारच्या एकेका मंत्र्याच्या मागे आपला एकेक माणूस. सुजितरावांच्या मागे आदिनाथराव होते. ते भैरूला सभांना घेऊन फिरू लागले. पिंपरीच्या सभेत त्यांनी स्वतः त्याची बाही वर केली. लोक हळहळले.

सभेनंतर भैरू म्हणाला, "साहेब, तुमच्या चिठ्ठीवर नकली हात बसवून मिळतोय म्हनं. तेवढं बघा की."

"निवडणुकीपर्यंत दम काढ, भावा. हात बसवला तर लोकांना दाखवायचं काय? आपलं सरकार आलं की पहिलं काम तुझं."

सरकार आलं. आदिनाथराव कामगारमंत्री झाले. भैरू दर सोमवारी त्यांच्या कासारवाडीच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसायचा. साहेब कायम मीटिंगमध्ये असायचे.

एकदा तो असाच परत निघाला, तेव्हा त्याच्यापुढे एक गाडी थांबली. आत सुजितराव होते. आता विरोधी पक्षाचे छाया कामगारमंत्री तेच.

"भैरूभाऊ, त्यांनी हात बसवून दिला का हो?"

"न्हाई, साहेब."

"बरं झालं," म्हणत सुजितरावांनी गाडीचं दार उघडलं. "बसा. सभेला उशीर होतोय."