पकड

वॉर्डात बाबांजवळ एका वेळी एकानेच बसायचं होतं. पाळी मुलीची होती, पण आतल्या वासाने मळमळतं म्हणून ती घटकाभर बाहेर आली. बाकड्यांवर घरची आठ माणसं माना फोनमध्ये खुपसून बसली होती. शेअर बाजारात मुरलेले धाकटे काका ते बघून खूश झाले.

"कंपनी कशी निवडायची, शिकून घे," ते तिच्या कानाशी लागले. "ताळेबंद नंतर. आधी माणसं बघायची. सगळे एकाच ॲपवर! शिव्या घालतात, पण सुटत कोणी नाही. असा शेअर घ्यायचा आणि वीस वर्षं विसरून जायचं."

बोलता बोलता त्यांनी आणखी पन्नास घेतलेसुद्धा. सख्खा भाऊ आत घरघर करतोय आणि या माणसाला हे सुचतंय! तिला शिसारी आली. तोंड फिरवून तिने आपला फोन उघडला.

नर्स बाहेर आली तेव्हा पाऊण तास उलटला होता.

"बाबा गेले हो. मी पलीकडच्या वॉर्डात होते. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणतात, ते बराच वेळ मुलीला हाका मारत होते. कुणालाच ऐकू आलं नाही?"

काकांनी फोन खिशात टाकला आणि तोंडावर रुमाल धरला. ती भिंतीला टेकून हमसाहमशी रडली आणि रडता रडताच टाइप करू लागली.



"शेवटच्या क्षणी बाबांचा हात माझ्या हातात होता."