उलाळ गाडी

कॅरव्हानचा मागचा कोपरा भिंतीला घासला आणि लाल दिव्याची काच खळ्ळकन खाली आली.

"थांबा!" शेवंता ओरडली. "भिंत काय आज बांधलीय? दिसत न्हाई?"

दत्तारामने ओढणाऱ्या जीएमसी मोटारीचं इंजिन बंद केलं आणि मिशी चावत खाली उतरला. "दिसत होती गो. मी डावीकडं वळवलं, ही उजवीकडं गेली."

"जाणारच. मागं जोडलेली गाडी हाय ती. तुमच्या होला हो करायला बायको न्हवं."

बायकोही कधी होला हो करत नव्हती, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

दम्माममधल्या या बंगल्यात दत्ताराम ड्रायव्हर आणि शेवंता स्वयंपाकीण. कुवेतच्या लढाईला तोंड लागलं तसा त्यांचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, जलाल बायकापोरांना घेऊन विमानाने जेद्दाला पळाला. नोकरांचे पासपोर्ट तेवढे आठवणीने बरोबर नेले. काल त्याचा फोन आला. वाळवंटात मौज करायला घेतलेली त्याची तेवीस फुटी कॅरव्हान, चाकांवरचं घरच ते, शनिवारपर्यंत जेद्दाला पोचवा. पोचली तर पासपोर्ट आणि मुंबईचं तिकीट. नाहीतर बसा तिथंच. ओढून आणता येतं ना?

"येतं की, साहेब," दत्ताराम म्हणाला होता. जन्मात त्याने मोटारीमागे हातगाडीसुद्धा बांधली नव्हती.

"वरनं स्कडचे बॉम्ब पडत्यात," शेवंता काचा गोळा करत फणफणली, "आणि त्या मेल्याला गाद्या-पडद्यांची काळजी! आमचा जीव म्हंजे त्याच्या पडद्याची कडीबी न्हाई. आणि तुम्ही! पोहता येतं? येतं. उडता येतं? येतं की, साहेब!"

शेवंता कऱ्हाडकडची. शाळा दुसरीपर्यंत. बापाला मुलगा नव्हता, म्हणून उसाने खच्चून भरलेली ट्रॉली कारखान्याच्या आवारात उलटी कशी लावायची ते ती सोळाव्या वर्षी शिकली. दत्तारामला मुंबईत टॅक्सी आणि इथे जलालच्या पोरांना शाळेत सोडणं, एवढंच माहीत. पण या देशात बाईने गाडी चालवायची नाही, असा कायदा.

तिने कॅरव्हानचं दार उघडून आत बघितलं आणि कपाळावर हात मारला. पाण्याचे कॅन, जनरेटर, गालिचे, सगळं त्याने शेपटाला रचलं होतं.

"ही तर उलाळ गाडी! बैलगाडीत मागं ओझं झालं की जू वर जातं आन् बैलाच्या गळ्याला फास बसतो. हिचं तेच. जरा पळवली की शेपूट हलवंल आणि तुम्हास्नी घेऊन उलटंल. काढा सगळं. चाकाच्या पुढं रचा."

दोघांनी मिळून रचलं. दोन्ही गाड्या जोडणाऱ्या आकड्याखालच्या साखळ्या तिने कात्रीसारख्या आडव्या घालून घेतल्या. "आकडा निसटला तर तोंड जमिनीला लागायला नको. आणि शेपूट हलाय लागलं तर ब्रेक दाबायचा न्हाई. पाय उचलायचा. नुस्ता उचलायचा. कळलं?"

"कळलं."

"मागं घेताना हात स्टेअरिंगच्या चाकाच्या खालच्या बाजूला. बूड जिकडं न्यायचं तिकडं हात."

"येतं," दत्ताराम म्हणाला, आणि कॅरव्हान जलालच्या गुलाबांच्या वाफ्यात नेऊन घातली.

दुपारी दिव्याची काच आणायला दोघं बाजारात गेली. हवी ती काच शेवंताने बोटाने दाखवली. दुकानदाराने तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही. दत्तारामलाच विचारलं, दत्तारामलाच दिली, ती पण चुकीची.

घरी येऊन तिने बुरखा खुंटीवर फेकला. "हे अंगावर चढवलं की मी माणूस न्हाई, गाठोडं! गाठोड्याला कोण विचारतंय? आत नाग घालून बसवला तरी बघायचे न्हाईत हे."

दत्ताराम काच बदलून आणायला निघाला.

तीन दिवस आवारात सराव चालला. तिसऱ्या संध्याकाळीही कॅरव्हान घडी घातल्यागत आडवी झाली आणि वाफ्यात उरलेला एक गुलाब गेला. शेवंता या वेळी ओरडली नाही. दत्तारामला त्याचीच जास्त भीती वाटली.

ती दिव्याखाली बसून बुरख्याची खालची शिवण उसवत होती. "आखूड पडतोय," एवढंच बोलली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचा झब्बा आणि डोईचा गुत्रा धुऊन ठेवलाय. विषारी वायूसाठीचा मुखवटाबी वर काढलाय. उद्या रस्त्यात तुम्ही एक शब्द बोलायचा न्हाई."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तर तर न्हाईच बोलायचा."

सकाळी कॅरव्हान रियाधच्या रस्त्याला लागली. शेपूट हललं नाही. तासाभराने चौकी आली. पोलीस खिडकीशी आला. ड्रायव्हरच्या डोक्याला गुत्रा, तोंडावर मुखवटा, हातात कातडी मोजे. त्या दिवसांत रस्त्यावर असे बरेच दिसत. बाजूला काळा बुरखा. इकामा, म्हणजे परदेशी नोकराचं ओळखपत्र, पुढे झाला.

पोलिसाने फोटो बघितला. "दत्ताराम? मास्क उतारो."



तेवढ्यात मागून लष्कराच्या ट्रकांचे कर्णे वाजले. रांगच्या रांग येत होती. पोलीस हात नाचवत ओरडला, "पीछे लो! उधर, साईड में! यल्ला, यल्ला!"

साईड म्हणजे सिमेंटच्या दोन ठोकळ्यांमधली बोळ. दोन्हीकडे हातभर जागा.

मोजा घातलेला हात चाकाच्या खालच्या बाजूला गेला. जीएमसी गुरगुरली. तेवीस फुटी कॅरव्हान अंगावरून पदर ओघळावा तशी बोळात शिरली आणि एका दमात सरळ उभी राहिली. नवा दिवा शाबूत.

ट्रक धडधडत निघून गेले. पोलीस धावत आला. मुखवट्याचं तो विसरूनच गेला होता.

"शाबाश, दत्ताराम! ऐसा ड्रायवर हम नहीं देखा!" त्याने इकामा परत दिला, त्या रुंद खांद्यावर थाप मारली आणि रस्ता मोकळा केला.

बाजूच्या गाठोड्याकडे त्याने रिवाजाप्रमाणे बघितलं नाही. आत दत्ताराम मिशी चावत बसला होता.