ड्राइव्हवेच्या कडेचं तण

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या घरात मी ऑर्किडची चार महागडी झाडं मारली. खत, ह्युमिडिफायर, यूट्यूब, सगळं करून. तो राग मी ड्राइव्हवेच्या कडेला दर उन्हाळ्यात उगवणाऱ्या एका तणावर काढायचो. सहा वर्षं उपटतोय, तरी ते हजर.

परवा वीणाकाकू आल्या. नागपूरला कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. माझ्या हातातलं तण बघून म्हणाल्या, "अरे शंतनू, हे युरोपातलं रानटी ऑर्किड आहे. खाली मूळ राहतं, मातीतल्या बुरशीशी त्याचं जमलेलं असतं. म्हणून परत येतं."

मी गहिवरलो. माझ्याकडे जगलेलं पहिलं ऑर्किड.

"काकू, आता याची नीट काळजी घेतो."

"नको रे," काकू घाईघाईने म्हणाल्या, "तू आपलं उपटतच राहा."