पन्नास मिली

"वाइन चाखून थुंकतात, पप्पा, गिळत नाहीत. पंचशीलातलं मद्य न घेण्याचं शील मोडत नाही." कंपनीच्या कामावरून अमेरिकेहून परतल्यापासून बुद्धभूषणचं हे पालुपद सुरू होतं. दशरथराव साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. चहापलीकडे त्यांनी जन्मात काही घेतलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "मोजून बघू."

तेव्हापासून बिबवेवाडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी भूषण ग्लासात पन्नास मिली वाइन ओतायचा, घोट घोट तोंडात घोळवायचा आणि वडिलांनी पुढे धरलेल्या मोजपात्रात थुंकायचा. वडील चष्मा लावून आकडा वाचायचे, लाळेचे दोन मिली वजा करायचे आणि वहीत लिहून ठेवायचे.

मग कंपनीचे अमेरिकेतले साहेब पुण्यात येणार असं ठरलं. त्यांना कोणती वाइन भेट द्यायची हे पाहायला भूषणने तीन ठिकाणच्या बाटल्या उघडल्या.

"फ्रान्सचीच," शेवटी तो डोळे मिटून म्हणाला. "ओकच्या लाकडाचा वास, मागून हळूच चेरी. वा! स्पेनची दोन नंबर. नाशिकची आपली ठीक."

दशरथरावांनी वही उघडली. "फ्रान्सची पन्नासच्या पन्नास परत आली. स्पेनची शेहेचाळीस. नाशिकची एकोणीस."

भूषणने नाशिकच्या बाटलीला बूच लावलं.

"शील नाशिकला मोडलंय," वही मिटत ते म्हणाले. "साहेबांना तीच ने."