फडके शुभ्र निघेपर्यंत

स्वीडनमधल्या ओरेब्रो शहरातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात यंदा तरी पहिला क्रमांक मिळवायचाच, असा निश्चय करून टोर्स्टेनने वडिलांच्या गाडीच्या दारावरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उतरवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर घासायला घेतली. फडके शुभ्र निघेपर्यंत हात थांबवायचा नाही, हा वडिलांनी घालून दिलेला नियम तो धर्मवचनासारखा पाळत असे. फडके मात्र प्रत्येक वेळी काळेच निघे.

“अरे, पुरे की आता. तुझ्या नाकातले केससुद्धा दिसायला लागलेत तिच्यात,” दालचिनीचे पाव ओव्हनमध्ये सरकवत त्याची बायको गुन्नेल म्हणाली.

“तुला चकाकी दिसते, मला मळ दिसतो.”

घासता घासता हिवाळा सरला. मेळाव्याच्या दिवशी सकाळी फडके अखेर दुधासारखे पांढरे निघाले. टोर्स्टेनने ते विजयी मुद्रेने गुन्नेलपुढे धरले.

“बघ. मळाचा कण नाही.”

गुन्नेलने टेबलाकडे पाहिले. “आणि पट्टी कुठाय?”

टोर्स्टेनने फडके झटकून पाहिले, टेबलाखाली वाकून पाहिले, आणि मग खुर्चीत बसून अत्यंत खिन्न स्वरात तो म्हणाला,

“म्हणजे बाबा आयुष्यभर गाडीला नुसता मळच लावून हिंडले.”